पाणी निवळले, गाळ कुणाच्या रानात?



उन्हाळ्यात रान नांगरून मोकळे पडलेले असते. अशा वेळी बांधावर एक ट्रॉली येऊन उभी राहते. आत काळेभोर, भुसभुशीत काहीतरी भरलेले असते. ट्रॉलीवाला सांगतो, "खत आहे. चांगले कुजलेले आहे. फुकट आहे, फक्त भाडे द्या." शहराजवळच्या गावांना हा अनुभव नवा नाही. दावणीची जनावरे कमी झाली, शेणखताची ट्रॉली परवडेनाशी झाली. माळाचे रान तर खताला कायम भुकेलेले. मोह होणारच.

बारा-तेरा वर्षांपूर्वी तो मोह मलाही झाला. शेतकीची पदवी घेतलेला माणूस मी. सेंद्रिय कर्ब वाढला पाहिजे, हे पुस्तकात वाचलेले. एका नगरपालिकेच्या कचऱ्यापासून केलेल्या खताची मी एका ओळखीच्या शेतकऱ्याला शिफारस केली. त्याने एकरभर मुरमाड रानात चार ट्रॉल्या पसरल्या. त्या वर्षी शाळू बरा आला आणि मी खूश झालो. पुढच्या पावसाने वरची माती धुऊन निघाली, तेव्हा खुरपणीला बसलेल्या बायकांच्या खुरप्याला गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅगच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे लागू लागले. त्यांनी पाट्याच्या पाट्या वेचून बांधावर टाकल्या. तिसऱ्या वर्षी वर काही दिसेना. मी म्हणालो, "आता रान स्वच्छ झाले."

त्या शेतकऱ्याची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "गेल्या म्हणतोस, पर गेल्या कुठं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचा हा अग्रलेख म्हणजे त्या म्हातारीला उशिरा दिलेले उत्तर आहे. तिचा प्रश्न एका एकराचा नव्हता. शहराच्या कचऱ्याचे आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचे जे काही 'शुद्धीकरण' चालते, त्या सगळ्याला तो लागू पडतो.

ढिगाखालचे काळे पाणी

साताऱ्याचा कचरा सोनगावच्या डेपोत जातो. सांगलीचा समडोळी रस्त्याच्या डेपोत आणि मिरजेचा बेडग रस्त्याच्या डेपोत साठत आला. शहर कुठलेही असो, त्याचा कचरा शेवटी कुठल्यातरी गावाच्या शिवाराला लागून पडतो. त्या ढिगावर पाऊस पडतो, आतला ओला कचरा कुजतो आणि तळातून काळे, उग्र वासाचे पाणी झिरपते. इंजिनिअर लोक त्याला लिचेट म्हणतात. आपण काळे पाणी म्हणू.

या पाण्यात कुजलेल्या पदार्थांचे अंश असतात, अमोनिया असतो, क्षार असतात, बॅटऱ्या आणि रंगांमधून सुटलेले शिसे-कॅडमियमसारखे धातू असतात. हे पूर्वीपासून माहीत होते. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक गोष्ट मोजली जाऊ लागली. ती म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला शास्त्रज्ञ मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा हा त्यातला मोठा भाऊ. धाकटे डोळ्याला दिसतही नाहीत.

प्लास्टिक कुजत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते खरे आहे, पण अर्धे. प्लास्टिक कुजत नाही, पण फुटते. उन्हाने ते ठिसूळ होते, ढिगातल्या उष्णतेने आणि दाबाने त्याचा चुरा होतो. एका पिशवीच्या दहा चिंध्या, दहाच्या हजार, हजाराचे लाखो कण. वजन तेवढेच राहते, नग वाढत जातात. चीनमधल्या सहा कचरा-भरावांच्या काळ्या पाण्याची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले चार चालू होते, दोन बंद पडलेले. दर लिटरमागे अर्ध्यापासून जवळजवळ पंचवीसपर्यंत कण सापडले. बहुतेक सगळे कण ढिगात पुरलेले प्लास्टिक फुटूनच तयार झालेले होते. बंद भरावाच्या पाण्यातही ते होते. डेपोला कुलूप लावले म्हणजे डेपो थांबला असे होत नाही.

पुढे २०२१ मध्ये चीनमध्येच दुसऱ्या संशोधकांनी आणखी बारीक कण मोजण्याची पद्धत वापरली, तेव्हा आकडा लिटरला सुमारे २३५ निघाला. मोठा भाग केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कणांचा होता. चाळणी जितकी बारीक, तितका आकडा मोठा. म्हणून "आमच्या पाण्यात प्लास्टिक नाही" असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या चाळणीने बघितले?

फुरसुंगीने काय पाहिले

काळे पाणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रात उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना विचारावे. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथे पडला. डेपो वाढत वाढत १६३ एकरांचा झाला. विहिरींचे पाणी खराब झाले, पाण्यावर एकेकाळी बागायत करणाऱ्या गावांना पिण्यासाठी महापालिकेच्या टँकरची वाट पाहावी लागली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरल्या. शहरात कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा कुठे शहराला गाव आठवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही गावे महापालिकेत घेतली गेली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा बाहेर काढून वेगळी नगर परिषद करण्याचा निर्णय झाला. हद्द दोनदा बदलली, पण जमिनीखाली उतरलेल्या पाण्याला हद्द कळत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत एवढा मोठा डेपो नाही. पण "आम्ही माण-खटावचे, जत-आटपाडीचे, आमचा काय संबंध" असे म्हणून चालणार नाही. नकाशा काढून बघा. टेंभूचे पाणी कराडच्या खाली कृष्णेतून उचलले जाते आणि खानापूर, आटपाडीच्या माळावर चढते. म्हैसाळचे पाणी सांगली-मिरजेच्या खाली उचलले जाते आणि कवठेमहांकाळ, जतपर्यंत पोचते. म्हणजे वरच्या शहरांनी नदीत जे सोडले, ते आपण विजेचे बिल भरून आपल्या रानात चढवतो. दुष्काळी तालुक्यांनी या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली. ते पाणी नको असे कोण म्हणेल? पण म्हणूनच ते कसे येते, हे विचारण्याचा पहिला हक्क आपला आहे.

शुद्धीकरण म्हणजे काय, काय नव्हे

आता कोणी म्हणेल, काळ्या पाण्यावर प्रक्रिया करता येते. येते, हे खरे आहे आणि ती झालीच पाहिजे. ती कशी होते ते समजून घेऊ.

पहिली पायरी आपल्या घरातलीच आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो. प्रक्रिया केंद्रातही तुरटीसारखी रसायने घालून गाळ खाली बसवतात. पण कॅरीबॅगचे पॉलिथिन आणि पोत्याचे पॉलिप्रॉपिलीन ही पाण्यापेक्षा हलकी असतात, ती तरंगतात. त्यांना गाळाच्या गुठळीत अडकवूनच खाली ओढावे लागते. सगळे कण सापडत नाहीत.

दुसरी पायरी जिवाणूंची. टाकीत हवा सोडतात, जिवाणू कुजके पदार्थ खातात, पाण्याचा वास आणि काळेपणा कमी होतो. प्लास्टिक मात्र जिवाणूंच्या पोटात जिरत नाही. त्यातले बरेच कण जिवाणूंच्या चिकट गाळाला चिकटून त्या गाळाबरोबर बाहेर पडतात.

तिसरी पायरी बारीक गाळणीची. वाळूची गाळणी किंवा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा. फिनलंडमध्ये शहरी सांडपाण्यावर मोजमाप झाले, ते २०१७ मध्ये छापून आले. वाळूच्या गाळणीने शंभरातले ९७ कण अडवले आणि जिवाणूंच्या टाकीला पडद्याची जोड दिली तिथे हजारातले ९९९ अडले. तंत्र आहे, ते चालते, हे कबूल केले पाहिजे. त्याच्याही पुढे आरओ. आपल्या गावोगावच्या आरओ प्लांटच्या मागे एक पाईप असतो. त्यातून खारट पाणी गटारीत सोडतात. काळ्या पाण्याच्या आरओलाही असाच पाईप असतो. जे अडले ते सगळे त्या पाण्यात घट्ट होऊन येते आणि पुष्कळ ठिकाणी ते पुन्हा त्याच ढिगावर फवारले जाते.

आता हिशेब करू. दहा हजार लिटरचा एक टँकर घ्या. लिटरला २३५ कण धरले तर टँकरमध्ये साडेतेवीस लाख कण झाले. शंभरातले ९९ अडवणारी यंत्रणा बसवली. बाहेर पडलेल्या पाण्यात साडेतेवीस हजार उरले. फलकावर लिहिता येईल: '९९ टक्के शुद्ध'. मग बाकीचे तेवीस लाख सव्वीस हजार पाचशे कुठे गेले?

गेले कुठं, हाच तो म्हातारीचा प्रश्न.

खळ्यावर वावडीवर उभे राहून आपण ज्वारी उफणतो. दाणा एकीकडे पडतो, भुसकट दुसरीकडे. दाणा स्वच्छ झाला म्हणून भुसकट नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. ते खळ्याच्या कडेला ढीग करून पडलेले असते. शुद्धीकरण ही उफणणी आहे. ते प्लास्टिकचा नाश करत नाही. प्लास्टिक पाण्यातून काढून गाळात घालते. म्हणून "तुमच्याकडे प्लांट आहे का?" हा अर्धाच प्रश्न झाला. "प्लांटचा गाळ कुठे टाकता?" हे विचारले की प्रश्न पुरा होतो.

भुसकट आपल्याच शिवारात

गाळ जाण्याचे रस्ते मोजकेच आहेत. एक तर तो पुन्हा ढिगावर जातो आणि पुन्हा काळ्या पाण्यात उतरतो. नाहीतर तो जाळावा लागतो, त्याला खर्च येतो. नाहीतर 'खत' म्हणून शेतात येतो. सगळ्यांत स्वस्त रस्ता कोणता, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

अमेरिकेत मेन नावाचे राज्य आहे. तिथे सांडपाण्याचा गाळ अनेक वर्षे खत म्हणून शेतांत पसरला गेला. पुढे त्या शेतांत, विहिरींत, दुधात पीफास नावाची रसायने सापडली. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कापड यांसाठी ती वापरतात आणि प्लास्टिकसारखीच तीही मातीत वर्षानुवर्षे टिकतात. काही शेतकऱ्यांना दूध ओतून द्यावे लागले, धंदा बंद करावा लागला. २०२२ मध्ये त्या राज्याने असा गाळ शेतात टाकण्यावर बंदी घातली आणि बाधित शेतकऱ्यांसाठी सहा कोटी डॉलरचा निधी उभा केला. तिथे निधी तरी मिळाला. आपल्याकडे असे झाले तर पंचनामा तरी होईल का?

गाळाइतकीच जपून घ्यायची दुसरी वस्तू म्हणजे जुन्या डेपोची माती. देशभर जुने ढीग उपसून, चाळून जागा मोकळी करण्याचे काम चालू आहे. काम चांगले आहे, ढीग हटलेच पाहिजेत. चाळल्यावर दगड-विटा वेगळ्या निघतात, मोठे प्लास्टिक वेगळे निघते आणि खाली काळी बारीक माती उरते. तिचे वजन पुष्कळ असते. ती कुठेतरी खपवावी लागते. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी दिल्ली, हैदराबाद आणि कडप्पा इथल्या जुन्या डेपोंची अशी माती तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. तिच्यात जड धातू जास्त, क्षार जास्त आणि तिच्यातून गडद रंगाचे पाणी सुटत होते. तपासणी न करता ती कुठेही वापरू नये, असाच त्याचा अर्थ. बांधावर येणाऱ्या ट्रॉलीत हीच माती असेल, तर तिला खत म्हणणे ही फसवणूक आहे.

चाळणीचा कायदा

कायदा काय म्हणतो? शहरी कंपोस्टचे प्रमाण खत नियंत्रण आदेशात ठरवले गेले. त्यात शिसे, कॅडमियम, पारा यांच्या मर्यादा घातल्या, कर्ब-नत्राचे गुणोत्तर ठरवले आणि बारीकपणाची अट घातली. ती अशी की, किमान ९० टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडला पाहिजे. आता गंमत बघा. मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरच्या आतला तुकडा. म्हणजे जी चाळणी खत 'स्वच्छ' करते, तिच्या खाली जे प्लास्टिक पडते ते सगळे मायक्रोप्लास्टिकच असते! मोठी पिशवी चाळणीवर अडकते, तिचा चुरा खतात राहतो. माझ्या त्या शेतकऱ्याच्या रानातल्या चिंध्या तरी बायकांना वेचता आल्या. चांगल्या चाळणीतून आलेला चुरा कोण वेचणार?

काळ्या पाण्याचेही तसेच. २०१६ च्या घनकचरा नियमावलीने ते कुठे सोडताना काय मर्यादा पाळायची याचा तक्ता दिला. नदी-ओढ्यात सोडायचे तर तरंगणारे घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, जमिनीवर सोडायचे तर २०० पर्यंत. नदीला शंभर, जमिनीला दोनशे! जमीन मुकी असते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. आणि त्या तक्त्यात प्लास्टिकच्या कणांचा रकानाच नव्हता. जे मोजायचेच नाही, त्याची मर्यादा कोण मोडणार?

युरोपात खतासाठीच्या २०१९ च्या नियमात निदान सुरुवात झाली. कंपोस्टमध्ये दोन मिलिमीटरपेक्षा मोठे प्लास्टिक, सुक्या वजनावर, किलोला तीन ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि २०२६ च्या जुलैपासून ते अडीच ग्रॅमच्या आत असावे, असे ठरले. तीन ग्रॅम ऐकायला कमी वाटते. एकरी पाच टन सुके खत टाका, पंधरा किलो प्लास्टिक रानात गेले. म्हणजे युरोपचा नियमही काही आदर्श नव्हे. पण आकडा असला की भांडता येते. आपल्याकडे भांडायला आकडाही नाही.

कापसाला एक न्याय, खताला दुसरा

कापूस घेऊन बाजारात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण वेचणी युरियाच्या रिकाम्या पोत्यात केली आणि पोत्याचे दोन धागे कापसात गेले, तर पुढे कापडाला रंग देताना ते धागे रंग घेत नाहीत, कापडात डाग दिसतो. गिरणी बोंबलते, जिनिंगवाला भाव कापतो, व्यापारी आपल्याकडून कापतो. 'कापसात प्लास्टिक' म्हणून माल मागे पडतो. त्यात चूक काय? मालात भेसळ असेल तर भाव कमी, हा बाजाराचा नियम आहे. तो आम्ही मानतो.

मग तोच नियम शहराला का नाही? आमच्या क्विंटलभर कापसात प्लास्टिकचा धागा निघाला तर पैसे कापले जातात. तुमच्या टनभर खतात किलोभर प्लास्टिक निघाले तर कोणाचे पैसे कापायचे? उलट २०१६ साली केंद्र सरकारने शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनाला दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. साहाय्य द्यायला आमचा विरोध नाही. पण पोत्यात प्लास्टिक किती, हे पोत्यावर छापायची अट का नव्हती?

पीक उद्या जळेल, रान उद्या नापीक होईल, अशी भीती कोणी घालत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तसे होत नाही. होते ते हळू होते. बर्लिनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की प्लास्टिकचे कण आणि धागे मातीत मिसळल्यावर मातीची घनता, कणांची बांधणी आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद बदलते. बागायतदार एक पाळी पाणी जास्त देईल. आपला शाळू परतीच्या पावसाची ओल धरून हुरड्याला येतो. आपले सगळे भांडवल त्या ओलीत आहे. आणि मुख्य गोष्ट ही की, टाकलेले प्लास्टिक परत काढता येत नाही. जास्त झालेला युरिया पावसात वाहून जातो, चुकीचे बियाणे पुढच्या हंगामात बदलता येते. मातीत गेलेला हा चुरा नातवंडांच्या सातबारावर चढतो.

आधी आपले खळे झाडू

शहराकडे बोट दाखवताना आपले हात बघितले पाहिजेत. फाटके मल्चिंग आपण रोटावेटरखाली घालतो. ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर तुकडे होईपर्यंत पडून असतात. शेततळ्याचा फाटलेला कागद, खताची पोती, औषधाच्या पुड्या आपण पेटवून देतो नाहीतर ओघळीत लोटतो. तो चुराही मातीतच जातो. चीनच्या शिनजियांगमध्ये १९८० च्या दशकापासून कापूस प्लास्टिकच्या कागदाखाली घेतात. कागद इतका पातळ होता की हंगामानंतर तो उचलताच येईना, फाटून मातीतच राहू लागला. शेवटी २०१७ मध्ये कागदाची किमान जाडी ०.००८ वरून ०.०१० मिलिमीटर केली, म्हणजे निदान तो अखंड गोळा करता यावा. त्यांना जे इतक्या वर्षांनी कळले ते आपण आजच शिकू शकतो. पातळ मल्चिंग स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये आणि हंगाम संपताच ते हाताने गुंडाळून बाहेर काढावे.

आणि आणखी एक. कचऱ्याच्या खताला आमचा सरसकट विरोध नाही. भाजीचा देठ, उष्टे-खरकटे, पाला घरीच वेगळा झाला आणि त्याचे खत झाले, तर ते सोने आहे. आमच्याच रानातून शहरात गेलेला कस परत आला पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मात्र नको. सगळे एकत्र कुजवून मग चाळणे म्हणजे ताकात मीठ विरघळवून मग मीठ वेचायला बसणे.

ट्रॉली आली तर

प्रयोगशाळेची वाट न बघता एवढे करता येते. ट्रॉलीच्या मधून-खालून मिळून किलोभर खत घ्या आणि उन्हात वाळवा. बादलीत पाणी घेऊन त्यात विरघळेल तेवढे मीठ घाला. खत त्यात ढवळा आणि तासभर निवळू द्या. माती, वाळू तळाशी बसेल, वर तरंगेल ते फडक्यावर काढून वाळवा. त्यात काडी-कचराही असेल. भिंगाखाली एकेक तुकडा धरा आणि लाल तापवलेली सुई टेकवा. काडी जळून राख होते, प्लास्टिक वितळते, आकसते, सुईला चिकटते. किलोत किती तुकडे निघाले ते वहीत लिहा, तारीख आणि ट्रॉलीवाल्याचे नाव लिहा. डोळ्याला न दिसणारा चुरा यात सापडणार नाही. पण दिसणाराच मूठभर निघाला, तर न दिसणारा किती असेल याचा अंदाज बांधायला पदवी लागत नाही.

बैठकीपुढे ठेवायचे

जिल्हा बैठकीत पुढील मुद्द्यांवर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावेत, अशी विनंती आहे.

१. प्रत्येक नगरपालिका आणि महापालिकेने कचरा डेपोचे काळे पाणी किती निघते, त्यावर काय प्रक्रिया होते आणि प्रक्रियेनंतरचा गाळ व घट्ट पाणी कुठे जाते, हे दर महिन्याला डेपोच्या फाटकावर आणि शेजारच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. लिहीत नसतील तर माहितीच्या अधिकारात प्रत्येक तालुक्यातून अर्ज जावेत.

२. डेपोभोवतीच्या विहिरी आणि बोअरचे पाणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासावे. अहवालाची प्रत विहिरीच्या मालकाला मिळावी. आपल्या पाण्याचा अहवाल आपल्यालाच न मिळणे, हे यापुढे चालू देऊ नये.

३. शहरी कंपोस्ट आणि जुन्या डेपोची माती शेतात देताना किलोमागे प्लास्टिक किती याचा दाखला सोबत असावा. दाखला नसेल तर ट्रॉली बांधावरून परत. प्लास्टिक निघाले तर माल उचलून नेण्याची आणि नुकसानीची जबाबदारी देणाऱ्याची, हे लिहून घ्यावे.

४. खताच्या प्रमाणात आणि काळ्या पाण्याच्या तक्त्यात प्लास्टिकचा रकाना असावा, ही मागणी दोन्ही जिल्ह्यांतून एकत्र जावी.

५. आपल्या गावात मल्चिंग, ठिबकच्या नळ्या आणि पोती गोळा करायची एक जागा ठरवावी. वेचणीला कापडाची ओटी आणि ज्यूटचे पोते वापरावे. आपले हात स्वच्छ असतील तरच आपला आवाज चढेल.

ती म्हातारी आता नाही. तिच्या मुलाच्या त्या एकरात दर वर्षी शाळू पिकतो. नांगराच्या तासात अजूनही एखादा निळा ठिपका चमकतो, तो वाकून उचलतो आणि खिशात घालतो. तो एकटा किती वेचणार? जे त्याच्या रानात घातले गेले, ते कुठून आले हे आता आपल्याला कळले आहे. पुढच्या वेळी कोणी साहेब डेपोवर नवा प्लांट दाखवून सांगेल, "बघा, पाणी कसे निवळले!" तेव्हा पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी त्याला एवढेच विचारा: "साहेब, गाळ कुठं गेला?"